वचनालाही शेजार असतो

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या चर्चमध्ये साडेदहाला उपासना सुरू होते आणि बारा वाजले की संपते. मग केक, कॉफी, गळाभेटी, आणि बाहेर पडताना दाराशी एक वेताची परडी. परडीत पत्त्यांएवढी कार्डं, प्रत्येकावर पवित्र शास्त्रातलं एक वचन. डोळे मिटून एक उचलायचं, ते आपलं वर्षाचं वचन. पोरं दोन-दोन उचलतात. मोठी माणसं आजूबाजूला बघून नको असलेलं हळूच परत टाकतात. मीही एकदा टाकलंय. 'अरे आळशा, मुंगीकडे जा' आलं होतं.

काही वर्षांपूर्वी मला यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन आलं. देव म्हणतो, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. नाताळच्या केकपेक्षा गोड. मी फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि कार्ड पाकिटात, आधार कार्डाच्या मागे सरकवलं. मार्चमध्ये कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. मे महिन्यात घराचा हप्ता भरायला बायकोच्या बांगड्या बँकेत गेल्या. पैसे काढताना ते कार्ड दिसलं की तिळपापड व्हायचा.

खडकीला आमची बुधवारची प्रार्थना असते. घराघरांत आळीपाळीने भरते, पंधरा-वीस माणसं, शेवटी चहा. तिथे एक निवृत्त शिक्षिका येतात, सगळे त्यांना मावशी म्हणतात. एका बुधवारी मी त्यांच्यापुढे कार्ड ठेवलं आणि म्हणालो, "मावशी, हे खोटं निघालं."

मावशींनी कार्ड उचललं, चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, मग उलटं करून मागची कोरी बाजू मला दाखवली. "अरे, पत्रातली एकच ओळ कापून दिलीये तुला. बाकीचं पत्र कुठंय?"

ते पत्र आहे हेच मला ठाऊक नव्हतं. बाप्तिस्मा होऊन तीस वर्षं झाली होती आणि संडे स्कूलला वचनपाठांतरात बक्षिसं मिळाली होती, तरीही.

इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमच्या राजाला, दरबाऱ्यांना, कारागिरांना आणि लोहारांना धरून आपल्या मुलखात नेलं. बाबेल म्हणजे आजच्या इराकमधलं शहर. तिकडे गेलेल्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, परत कधी? हनन्या नावाच्या एका संदेष्ट्याने सांगून टाकलं, दोन वर्षांत. लोक खूश. यिर्मया मागे यरुशलेममध्येच होता. त्याने त्या लोकांना पत्र धाडलं. त्यात आधी काय लिहिलंय बघा: घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांचं फळ खा. मुलामुलींची लग्नं लावा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तरच तुमचं होईल. मग १०व्या वचनात सांगतो, बाबेलची सत्तर वर्षं भरली म्हणजे मी तुम्हाला परत आणीन. आणि त्यानंतर येतं माझ्या कार्डावरचं ११वं.

सत्तर वर्षं! ते पत्र चाळिशीच्या माणसाच्या हाती पडलं असेल तर तो काही परतणार नव्हता. त्याची नातवंडं परततील. म्हणजे हे आश्वासन खरंच होतं, पण 'मे महिन्याच्या आत तुझं सगळं पूर्ववत करतो' असं ते कधी म्हणालंच नव्हतं. उलट लवकर सुटण्याचा वायदा करणाऱ्याला खोडून काढायला ते पत्र लिहिलं होतं. मी वाचत होतो यिर्मया आणि ऐकत होतो हनन्याला.

आणखी एक बारकावा आपल्या मराठीतच दडलाय. 'तुमच्याविषयी' वाचलं की आपल्याला वाटतं, देव आपल्याला अहोजाहो करतोय. पण शास्त्रात देव माणसाला तूच म्हणतो आणि माणूसही देवाला तूच म्हणतो, आईला आणि विठोबाला म्हणतात तसं. 'तुझे राज्य येवो' असं आपण रोज म्हणतोच की. तेव्हा शास्त्रात 'तुम्ही' दिसलं की बहुतेक वेळा तिथे अनेक माणसं समोर बसलेली असतात. यिर्मयाच्या मूळ हिब्रूतही ते अनेकवचनच आहे. एका माणसाच्या पाकिटात जाण्यासाठी ते लिहिलेलं नव्हतं, परक्या गावात अडकलेल्या अख्ख्या समाजासाठी होतं.

मग वचनं अशी सुटी-सुटी झाली कशी? त्याला छापखानाही थोडा कारण आहे. मूळ हस्तलिखितांत अध्यायांचे आणि वचनांचे आकडे नव्हतेच. आज वापरतो ती अध्यायांची विभागणी स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मपंडिताच्या नावावर आहे, १३व्या शतकाच्या सुरुवातीची. नव्या करारातल्या वचनांचे आकडे तर त्याहून अलीकडचे. १५५१ मध्ये रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने जिनिव्हात छापलेल्या ग्रीक नव्या करारात आजचे आकडे पहिल्यांदा आले आणि तेच जगभर रुळले. त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय की वडिलांनी हे काम पॅरिसहून लिओंला जाताना प्रवासात केलं. त्यावरून लोक गमतीने म्हणतात, घोडा जिथे अडखळला तिथे आकडा पडला. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्याला हे लगेच पटेल.

आकड्यांची सोय मोठी आहे. पाळकसाहेबांनी 'फिलिप्पै चार तेरा' म्हटलं की शंभर माणसं एका ओळीवर येतात. पण आकडा म्हणजे घरावरचा नंबर, कुंपण नव्हे. जुन्या वाड्यात एका खोलीत बिऱ्हाड असलं तरी चौक, विहीर आणि शेजारचं भांडण सगळ्यांचं असायचं. वचनाचंही तसंच. त्याच्या अलीकडे-पलीकडे कोण राहतं हे बघितल्याशिवाय ते कळत नाही.

एकटं वचन किती वाकवता येतं याचं उदाहरण खुद्द शास्त्रातच आहे, आणि ते वाकवणारा आहे सैतान. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तो येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि म्हणतो, घे उडी, कारण असं लिहिलंय की देवदूत तुला हातांवर झेलतील. हे ९१व्या स्तोत्रातलं आहे, अक्षरशः शास्त्रातलं. येशू 'हे वचन खोटं' असं म्हणत नाही. तो दुसरं वचन शेजारी आणून ठेवतो: असंही लिहिलंय की तुझ्या देवाची परीक्षा पाहू नकोस. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. 'शास्त्रात लिहिलंय' एवढ्याने वाद संपत असता तर तो वाद सैतानानेच जिंकला असता.

कुठल्या जातीचा मजकूर आहे हेही बघावं लागतं. स्तोत्र म्हणजे गाणं, त्यात माणूस देवावर चिडतोसुद्धा. पत्र म्हणजे कुणीतरी कुणालातरी काही अडचणीवर लिहिलेलं. नियमशास्त्र वेगळं, दाखला म्हणजे बोधकथा वेगळी. आणि नीतिसूत्रं म्हणजे आपल्या म्हणींची भावंडं. 'अति घाई संकटात नेई' ही पाटी घाटात लागते आणि 'शुभस्य शीघ्रम्' आपण लग्नाच्या बोलणीत म्हणतो. दोन्ही खरी, जागा वेगळी. नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायात हे उघडउघड केलंय. चौथं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नकोस, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. लगेच पाचवं म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. ज्याने ही दोन शेजारी-शेजारी ठेवली त्याला ती दिसली नसतील असं थोडंच आहे? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पार्किंगवरून रात्री अकरा वाजता काही आलं की मी ही दोन्ही वचनं आठवतो आणि आज चारचा दिवस की पाचचा, एवढंच ठरवतो. बहुतेक दिवस चारचे असतात.

आता मनन. हा शब्द ऐकला की मांडी घालून डोळे मिटलेला माणूस आठवतो. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो असं म्हटलंय, तिथे हिब्रू शब्द आहे हागा. त्याचा अर्थ पुटपुटणं, गुरगुरणं. यशयाच्या पुस्तकात सिंह शिकार पुढ्यात धरून गुरगुरतो तिथे हेच क्रियापद आहे, आणि कबुतर घुमतं तिथेही हेच. म्हणजे मनन तोंडाने करायचं काम होतं, हाड चघळल्यासारखं. पुढे युरोपातल्या मठांत याला रवंथ म्हणायला लागले. १२व्या शतकात गिगो नावाच्या मठवासीयाने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. आमचे कॅथलिक मित्र आजही या वाटेने जातात. नगर रोडवर त्यांची मोठी सेमिनरी, म्हणजे धर्मशिक्षणाची संस्था, आहे आणि इकडे बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी. पद्धती वेगळ्या, पण घाई दोघांनाही चालत नाही.

मावशींची रीत यातलीच, फक्त तिला पायऱ्या नाहीत. त्यांच्याकडे शंभर पानी वही आहे, चौकटींची, गणिताची. रविवारी एक उतारा घेतात, आठ-दहा वचनांचा, आणि आठवडाभर तोच. सोमवारी तो हाताने उतरवून काढतात. 'लिहिताना शब्द अडतो,' असं त्यांचं म्हणणं, 'वाचताना जीभ घसरते.' अडलेल्या शब्दाखाली रेघ. मंगळवारी कोण बोलतंय, कुणाशी, का, एवढंच शोधायचं. मग तोच उतारा दुसऱ्या भाषांतरात. बसमध्ये त्या ओठांतल्या ओठांत म्हणत बसतात. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, कुठला जप करता? 'आमचाच,' असं उत्तर मिळालं.

दुसरं भाषांतर म्हणजे मावशींच्या बाबतीत पंडिता रमाबाईंचं. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं, तिथे रमाबाईंचं मुक्ती मिशन. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, त्या संस्कृतपारंगत बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, तेही खेड्यातल्या, जेमतेम लिहायला-वाचायला शिकलेल्या बायकांना कळेल असं. मुक्तीच्या छापखान्यात काम करणाऱ्याही बायकाच. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. मला यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते हे, की मूळ शब्दाशी इतकं झगडल्यावरही त्यांनी वाचणारीला झगडायला लावलं नाही. दोन भाषांतरं शेजारी ठेवली की जिथे फरक पडतो तिथेच थांबायचं असतं हे समजतं. ग्रीक यायची गरज नसते.

असा थांबण्याजोगा शब्द आपण येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोज तोंडाने म्हणतो. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.' इथे 'रोजची' साठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे, एपिऊसिओस, तो या प्रार्थनेबाहेर जवळजवळ सापडतच नाही. आजची, येत्या दिवसाची, की जगायला लागते तेवढी, यावर अभ्यासक अजून एकमत नाहीत. पण कुठलाही अर्थ घ्या, महिन्याभराचा साठा त्यात बसत नाही. निर्गमच्या १६व्या अध्यायात रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, पडतो तेव्हाही रोजच्यापुरताच गोळा करायचा असतो. ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्यांच्या साठ्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट चालायचा. नोकरी गेली त्या उन्हाळ्यात मी वर्षाचा हिशोब मांडून रात्रभर जागायचो. मग वहीत रोज एकच ओळ लिहायला लागलो: आज काय मिळालं. एका दिवशी लिहिलंय, 'वहिनींनी ज्वारी पाठवली, पाच किलो.' त्याच ओळीत दुसरंही आहे. भाकर 'माझी' नाही, 'आमची' आहे. स्वयंपाकाच्या ताईंना त्या महिन्यात पगार उशिरा द्यावा असं माझ्या मनात होतं. ही प्रार्थना म्हणून तसं करता येईना. पगार एक तारखेलाच दिला आणि दुधाचं बिल थकवलं.

वचन खाली उतरायचं ते इथे, अगदी एवढ्याशा गोष्टीत. 'मी जास्त प्रेमळ होईन' असं वहीत लिहिलं की मावशी लाल पेनने विचारतात, कुणाशी? किती वाजता?

फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:१३ घ्या, 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.' रिक्षाच्या मागे, जिमच्या टी-शर्टवर, दहावीच्या परीक्षेच्या पॅडवर. हे लिहिताना येशूचा प्रेषित पौल बंदीत आहे, आणि हे पत्र एका अर्थी पोचपावती आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली, ती मिळाली असं तो कळवतोय. आधीचं वचन म्हणतं, मला तृप्त राहायचं आणि उपाशी राहायचंही गुपित शिकायला मिळालंय. नंतरचं म्हणतं, तरी माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे बरं केलंत. म्हणजे 'सर्वकाही' मध्ये नापास होणं धरलंय. आणि इतक्या शक्तिमान माणसालाही कुणीतरी पाठवलेले पैसे लागले, ते त्याने लाज न बाळगता घेतले. बांगड्या गहाण टाकण्याआधी मी भावाला फोन केला नव्हता. ख्रिस्ती माणसाने विश्वास ठेवावा, हात पसरू नये, असं काहीतरी डोक्यात होतं. ते शास्त्रातलं नव्हतं, आमच्या घराण्यातलं होतं.

काही वचनं फारशी समजावून सांगावी लागत नाहीत. 'तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका' याच्या पुढचं कुसळ आणि मुसळ आपल्या घराघरात आहे, चर्चचं तोंड न पाहिलेल्यांच्याही. एक मात्र सुटतं: येशू कुसळ तसंच राहू द्या म्हणत नाही. आधी आपलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं म्हणतो. डोळ्यात बोट घालायचं काम आहे, बेताने करायचं. आणि इफिसकरांस पत्रातलं 'तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये' हे आमच्या घरात फ्रिजवर चिकटवलंय, त्यावर मुलीने पेन्सिलीने 'जूनमध्ये वेळ जास्त' असं लिहिलंय.

एक ताकीद. वचन दुसऱ्याच्या दुःखावर फेकू नये. मयताच्या घरी 'देवाचा काही संकल्प असेल' म्हणणारे आपले कमी नाहीत, मीही त्यात मोडायचो. शास्त्रातल्या ईयोबाने सगळं गमावलं आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते. तोवर सगळं ठीक होतं. चुकले ते बोलायला लागल्यावर, आणि त्यांची वाक्यं सुटी काढली तर कार्डावर छापण्यासारखी आहेत. तीच गोष्ट औषधांची. आमच्या ओळखीत एकाने बरं करण्याचं वचन मिळालं म्हणून रक्तदाबाची गोळी सोडली आणि आठवडा आयसीयूत काढला. पौलाच्या सोबत्यांत 'प्रिय वैद्य लूक' आहे, आणि तीमथ्याला तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं सांगतो. प्रार्थनेबरोबर गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही, दाब कमी होतो.

माझ्या कार्डाचं पुढे काय झालं तर, ऑगस्टमध्ये भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हिशोबाचं काम धरलं. पगार आधीच्या निम्मा. ११व्यापेक्षा मला त्या दिवसांत त्याच पत्रातली ५ ते ७ ही वचनं, घरं बांधा ते शहराचं भलं चिंता, जास्त उपयोगी पडली. आमच्या मंडळीतली बरीच घरं नगर, जालना, सोलापूरकडून आलेली. पुण्यात तीस वर्षं काढली तरी 'आपण बाहेरचे' हे पालुपद जात नाही, आणि मतदान, कचरा, वॉर्डातली पाण्याची ओरड यांत आपलं काय, असं म्हणायची सवय असते. माझीही होती. 'शहराचं भलं चिंता' वाचल्यावर पहिल्यांदा सोसायटीच्या वार्षिक सभेला गेलो, आणि ओल्या कचऱ्याची जबाबदारी गळ्यात घेऊन परत आलो.

गेल्या पावसाळ्यात बुधवारच्या प्रार्थनेला एक नवा माणूस यायला लागला. स्टेशनच्या बाजूला त्याचं कांदा-बटाट्याचं दुकान. चार बुधवार गप्प बसला. पाचव्यांदा म्हणाला, "तुम्ही सगळे नोकरीवाले. माझ्या धंद्यासाठी शास्त्रात काही आहे का, मावशी?" मावशींनी पान उलटून नीतिसूत्रांचा ११वा अध्याय काढून दिला. पहिलंच वचन: खोटी तागडी परमेश्वराला वीट आणते, खरं वजन त्याला आवडतं. हे कार्डावर छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तो वाचून हसला, म्हणाला, माझा काटा इलेक्ट्रॉनिक आहे, दरवर्षी शिक्का मारून आणतो, खोटा नाही. मावशी काही बोलल्या नाहीत, चहात बिस्कीट बुडवत राहिल्या.

पंधरा दिवसांनी मी त्याच्याकडून बटाटे घेतले. काटा नेहमीच्या जागी होता, खोक्यांच्या आडोशाला, पण आता अर्धा फिरवलेला. आकडे माझ्याकडे तोंड करून होते, ९८० वर थांबलेले. त्याने ते पाहिलं, मी पाहिलं, आणि त्याने आणखी एक बटाटा टाकला.